जुन्या गेमसाठी हँडहेल्ड: आधी यादी, मग यंत्र

हँडहेल्ड, म्हणजे जुने गेम हातात धरून खेळायचं छोटं यंत्र, घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी गेमची यादी केली आणि यंत्रांकडे नंतर वळलो. कॉन्ट्रा, सुपर मारिओ ब्रदर्स ३, पार्लरमधला मुस्तफा, मेटल स्लग, पोकेमॉन एमराल्ड, टेकन ३, क्रॅश टीम रेसिंग. नव्वदच्या दशकात आपल्याकडे वाढलेल्या बऱ्याच जणांची यादी याच्या आसपासच निघेल. यादी हातात आली की निम्मं काम होतं, कारण प्रत्येक गेमच्या मागे एक मूळ यंत्र असतं, हँडहेल्ड एम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅमने त्याचीच नक्कल करतं, आणि त्या यंत्राचा चित्राचा आकार, बटणांची संख्या आणि ताकदीची मागणी ठरलेली असते. दुकानाच्या पानावर ‘तीस सिस्टिम चालतात’ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या आपल्या कामाच्या बहुधा चारच असतात.

या यादीतल्याही चारच. कॉन्ट्रा आणि मारिओ निन्टेन्डोच्या एनईएसचे, जे आपल्याकडे टीव्ही गेमच्या कॅसेटमधून पोचले. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. तो आर्केडचा, आणि निओ जिओवरचा मेटल स्लगही त्याच गटात. एमराल्ड गेम बॉय अॅडव्हान्सचा, टेकन आणि क्रॅश पहिल्या प्लेस्टेशनचे.

आता स्क्रीन. माझ्या मते निवडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात कमी बघतात. इंचांपेक्षा आकार आणि पिक्सेलचं गणित आधी बघावं.

जुने गेम ठरावीक पिक्सेलमध्ये काढलेले असतात. गेम बॉय १६०×१४४, गेम बॉय अॅडव्हान्स २४०×१६०, प्लेस्टेशनचे बरेचसे गेम ३२०×२४०, निओ जिओ ३२०×२२४. हे चित्र नव्या स्क्रीनवर पूर्ण पटीत मोठं झालं तर प्रत्येक जुना पिक्सेल सारख्याच मापाचा चौकोन होतो. ६४०×४८० च्या स्क्रीनवर प्लेस्टेशनचं चित्र बरोबर दुप्पट होऊन काठोकाठ बसतं. निओ जिओचं दुप्पट केलं तर ६४०×४४८ होतं, वर-खाली सोळा-सोळा ओळी काळ्या राहतात, त्या नजरेलाही येत नाहीत.

गेम बॉय अॅडव्हान्स मात्र इथे अडतो. २४० चे ६४० करायचे तर पट येते २.६७. म्हणजे तीन जुन्या पिक्सेलना आठ नवे वाटून द्यायचे: तीन, तीन आणि दोन. चित्र स्थिर असताना हे कळत नाही. एमराल्डमध्ये पात्र चालायला लागलं, नकाशा सरकायला लागला की कुंपणाच्या उभ्या रेषा जाड-बारीक होत लुकलुकतात. यावर दोन उपाय. रेट्रोआर्च या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इंटीजर स्केल (फक्त पूर्ण पट) चालू करायचं, मग चित्र ४८०×३२० वर थांबतं आणि चारही बाजूंनी काळी चौकट येते. किंवा शार्प बायलिनिअर नावाचा शेडर (चित्रावरचा फिल्टर) लावायचा, तो पिक्सेलच्या कडा किंचित मऊ करून पट झाकतो. साडेतीन इंचांच्या स्क्रीनवर मी दुसरा उपाय पसंत करतो. चौकट आली की चित्र फारच लहान होतं.

ज्यांच्या यादीत अर्ध्याहून जास्त नावं गेम बॉय अॅडव्हान्सची आहेत त्यांनी ७२०×४८० ची स्क्रीन घ्यावी. अॅनबर्निकच्या आरजी ३४ एक्सएक्स या हँडहेल्डला ती आहे, ३.४ इंच, आणि तिच्यावर हे चित्र बरोबर तिप्पट होऊन काठोकाठ बसतं. पण तिच्यावर प्लेस्टेशनचं चित्र ६४० रुंदीवर थांबतं आणि डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या राहतात.

मोठ्या रुंद स्क्रीनचा मोह सगळ्यांना होतो. ट्रिमयूआय स्मार्ट प्रोला ४.९६ इंचांची १२८०×७२० स्क्रीन आहे. आकडा भारी वाटतो, पण जुन्या टीव्हीचा चार बाय तीन आकार तिच्यावर ९६०×७२० मध्येच बसतो, बाकी ३२० पिक्सेल काळे. म्हणजे प्लेस्टेशनचं चित्र हाती लागतं जेमतेम चार इंचांचं. पीएसपी (सोनीचं हातातलं यंत्र) खेळायचा असेल तर हीच स्क्रीन उत्तम, कारण त्याचा मूळ आकारच रुंद आहे. उलट ३.५ इंचांच्या चार बाय तीन स्क्रीनवर पीएसपीचं चित्र ३.२ इंचांचं होतं आणि त्यातली अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात.

टीव्हीसाठी बनलेल्या सिस्टिमबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. एनईएसचे पिक्सेल टीव्हीवर चौकोनी नव्हते, थोडे आडवे ताणलेले होते. २५६×२४० दुप्पट करून ५१२×४८० केलं तर गणित बरोबर येतं, पण मारिओ बारीक दिसतो आणि गोल वस्तू उभट होतात. मुस्तफाचं मूळ चित्र तर ३८४×२२४ आहे, आणि पार्लरच्या मशिनवर ते चार बाय तीनच्या काचेत दाबून बसवलेलं असायचं. पूर्ण पटीचा हट्ट धरला तर जॅक आणि हॅना आडवे फुगलेले दिसतील. म्हणून माझा नियम असा: हातात धरायच्या मूळ यंत्रांसाठी जमेल तिथे पूर्ण पट, टीव्ही आणि आर्केडसाठी चार बाय तीन आकार आणि वर मऊ शेडर.

चिपचं प्रकरण लवकर आटोपतं. मियू मिनी प्लस या छोट्या उभ्या यंत्रात दोन कोअरची कॉर्टेक्स ए७ चिप आणि १२८ एमबी रॅम आहे. पीसीएसएक्स रीआर्म्ड हा कोअर (रेट्रोआर्चमध्ये एकेका सिस्टिमच्या एम्युलेटरला कोअर म्हणतात, चिपचे कोअर वेगळे) एआरएम चिपसाठीच घासूनपुसून बनवलेला असल्याने एवढ्यावरही प्लेस्टेशनचे बहुतेक गेम पूर्ण वेगाने चालतात. अॅनबर्निकच्या ३५ एक्सएक्स मालिकेतल्या एच, प्लस आणि एसपी या मॉडेलांत ऑलविनर एच७०० आहे, चार कॉर्टेक्स ए५३ कोअर आणि १ जीबी रॅम. तिच्यावर निन्टेन्डो डीएस नीट चालतो. निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट आणि पीएसपीचे हलके गेम चालतात, जड गेम अडखळतात. पीएसपीवरचा गॉड ऑफ वॉर पाहिजे म्हणून कुणी ही चिप घेत असेल तर घेऊ नये. प्लेस्टेशन २ किंवा गेमक्यूब यादीत असेल तर रेट्रॉइड पॉकेट ५ सारखं स्नॅपड्रॅगन ८६५ चं अँड्रॉइड यंत्र लागतं. त्याची किंमत कितीतरी जास्त आणि मांडामांडही लांबलचक. माझ्या यादीला त्याची गरज नव्हती.

बटणांत मुख्य प्रश्न दोन: खांद्याची (वरच्या कडेची) बटणं किती आणि स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या, हव्यात का. प्लेस्टेशनला एल१, एल२, आर१, आर२ अशी चार लागतात. उभ्या गेम बॉयसारख्या यंत्रावर ती मागच्या बाजूला असतात. क्रॅशमध्ये वळणावर आर१ धरून ठेवावं लागतं, तिथे अर्ध्या तासात बोटं आखडतात. आडवं यंत्र यासाठी बरं. प्लेस्टेशनचे बहुसंख्य गेम स्टिकशिवाय चालतात, पण १९९९ चा एप एस्केप दोन स्टिकशिवाय खेळताच येत नाही. मियू मिनी प्लस आणि आरजी ३४ एक्सएक्स, दोघांनाही स्टिक नाही.

अशी चाळणी लावली तेव्हा आरजी ३५ एक्सएक्स एच उरला: आडवा, ६४०×४८०, दोन स्टिक, खांद्याची चार बटणं, मायक्रोएसडी कार्डाचे दोन खाच, वाय-फाय, ३३०० एमएएच बॅटरी. नावांच्या गोंधळात मात्र सावध राहावं. नुसतं ‘आरजी ३५ एक्सएक्स’ हे नाव आधी वेगळ्याच जुन्या चिपच्या यंत्राचं होतं, त्याला वाय-फाय नव्हतं, आणि त्याची सिस्टिम (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) एच७०० च्या यंत्रावर चालत नाही. मागवताना मॉडेलचं पूर्ण नाव आणि चिपचं नाव, दोन्ही ताडून बघावं.

भारतात मागवण्याचे मार्ग मोजके. अलीएक्सप्रेस २०२० पासून बंद आहे. उरतात कंपन्यांच्या स्वतःच्या साइट आणि इथले आयात करून विकणारे. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्यूटी, जीएसटी आणि कुरियरचं हाताळणी शुल्क धरूनच किंमत मोजावी. कुरियर केवायसी मागतो, ते कागद लगेच दिले नाहीत तर पार्सल अडकून पडतं. इथल्या विक्रेत्याकडे पैसे जास्त जातात, पण डी-पॅड (दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण) खराब निघाला तर परत करायला माणूस सापडतो. पहिलं यंत्र घेणाऱ्याला मी हाच मार्ग सांगेन.

यंत्र हातात आल्यावर बाकी मांडामांड करण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. पहिली स्क्रीनची: पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल आणि कडेने झिरपणारा उजेड बघायचा. दुसरी चार्जिंगची. फोनच्या जलद चार्जरला सी ते सी वायरने जोडलं आणि दिवाच लागला नाही, तर यंत्र बिघडलंय असं समजून घाबरू नये. टाइप सी मध्ये समोरच्या उपकरणाने ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरने ‘मी वीज घेणारा आहे’ हे सांगायचं असतं, आणि स्वस्त यंत्रांत काही वेळा ते रेझिस्टर बसवलेलेच नसतात. साधी ए ते सी वायर आणि ५ व्होल्टचा साधा चार्जर वापरला की काम होतं. या यंत्रांना तोच चार्जर सुरक्षितही आहे.

तिसरी डी-पॅडची, आणि ही कॉन्ट्रावरच करावी. जमिनीवर उभं राहून डावी-उजवी अंगठा लोळवत दाबायची आणि गोळी कुठे जाते ते बघायचं. सरळ उजवी दाबलेली असताना मधूनच गोळी तिरकी वर किंवा तिरकी खाली गेली, तर डी-पॅड खोटे कर्ण (न दाबलेल्या तिरक्या दिशा) देतोय. खालचं रबर जास्त वाकतं आणि शेजारचा संपर्कही लागतो, म्हणून हे होतं. थोडं असेल तर यंत्र उघडून वरच्या-खालच्या संपर्काच्या कडेला पातळ चिकटपट्टी लावतात, त्याने फरक पडतो. जास्त असेल तर परत करावं. उघडलेलं यंत्र विक्रेता परत घेत नाही, म्हणून हा निर्णय आधी.

सोबत येणारं कार्ड कधीही भरवशाचं धरू नये. बहुधा ते बिननावाचं असतं, काही महिन्यांत वाचेनासं होतं आणि सोबत सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी) घेऊन जातं. पहिल्याच दिवशी संगणकावर त्याची पूर्ण इमेज (हुबेहूब नक्कल) काढून ठेवावी. नवं कार्ड नामांकित कंपनीचं घ्यावं आणि तेही तपासावं, कारण त्यांची नक्कल बाजारात भरपूर आहे. एच२टेस्टडब्ल्यू हे साधन कार्ड पूर्ण भरून परत वाचतं. १२८ जीबीला दोन-तीन तास लागतात, पण आत ३२ जीबीच भरलेले असतील तर ते इथेच उघडं पडतं.

किती मोठं कार्ड घ्यायचं तेही यादीवरूनच ठरतं. कॉन्ट्राची अख्खी कॅसेट १२८ केबी आहे. गेम बॉय अॅडव्हान्सचा मोठ्यात मोठा सर्वसाधारण गेम ३२ एमबी. प्लेस्टेशनची सीडी मात्र ७०० एमबीपर्यंत जाते. सीएचडीमॅन या साधनाने सीडीच्या बिन आणि क्यू फायलींचं एकाच दाबून लहान केलेल्या सीएचडी फायलीत रूपांतर केलं तर जागा बरीच वाचते आणि फोल्डरही आवरलेला राहतो. सीडी एकाहून जास्त असतील तर सगळ्या सीएचडींची नावं ओळीने लिहिलेली एक एम३यू फाइल करावी, म्हणजे यादीत गेम एकदाच दिसतो आणि सेव्ह ठेवणारं प्लेस्टेशनचं आभासी मेमरी कार्डही एकच राहतं. ३५ एक्सएक्स एचच्या पहिल्या खाचेत सिस्टिमसाठी ३२ जीबी आणि दुसऱ्या खाचेत गेमसाठी १२८ जीबी ही जोडी मला पुरेशी वाटते. सिस्टिम बदलली तरी गेम आणि सेव्हना हात लागत नाही.

सिस्टिम म्हणून मूळची ठेवता येते, पण म्यूओएस किंवा नली (Knulli) ही इतरांनी बनवलेली सिस्टिम टाकली तर मेनू आणि प्रत्येक गेमच्या सेटिंगवर चांगला ताबा मिळतो. मियू मिनी प्लसवर अनियन हा तोडीस तोड पर्याय आहे. आपल्याच मॉडेलची इमेज उतरवायची आणि बलीना एचर या प्रोग्रॅमने कार्डावर लिहायची. पहिल्यांदा सुरू करताना ती कार्डाचे भाग पाडते, तेव्हा मध्येच बंद करू नये. पडदा काळा राहिला तर कार्ड परत लिहावं.

मग बायोस, म्हणजे मूळ यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्रॅम. प्लेस्टेशनसाठी अमेरिकी आवृत्तीची फाइल एससीपीएच५५०१ डॉट बिन, मापाने बरोबर ५१२ केबी, नाव रोमन छोट्या अक्षरांत. म्यूओएसमध्ये ती सिस्टिमच्या बायोस फोल्डरात जाते, अनियनमध्ये कार्डाच्या मुळाशी असलेल्या बायोस फोल्डरात. ती नसली तर पीसीएसएक्स रीआर्म्ड स्वतःच्या नकली बायोसवर चालतो, गेम सुरूही होतो, आणि मग काही गेम मेमरी कार्डापाशी किंवा एखाद्या व्हिडिओनंतर अडकतात. गेमची फाइलच खराब असेल असं वाटत राहतं. खात्री करायची तर रेट्रोआर्चच्या माहिती विभागात कोअरच्या नावाखाली कोणती फाइल सापडली आणि कोणती नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

गेमच्या फायली कुठून आणायच्या, याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. विक्रेते हजारो गेम भरलेलं कार्ड देतात, त्यातल्या गेमचे हक्क त्यांच्याकडे नसतात. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढायची मुभा देतं. घरी मूळ प्लेस्टेशन सीडी असेल तर साध्या डीव्हीडी ड्राइव्हमधून इमेज काढता येते, गेम बॉयच्या कॅसेटसाठी वाचक उपकरणं मिळतात. शिवाय नव्या माणसांनी जुन्या यंत्रांसाठी बनवलेले गेम आहेत. एनईएससाठी २०१९ मध्ये आलेला मायक्रो मेजेस रॉमसकट (गेमच्या फाइलीसकट) विकत मिळतो, गेम बॉयचा टोबू टोबू गर्ल फुकट आहे. दोन्ही मनापासून खेळण्यासारखे आहेत.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते मुस्तफापाशी, त्यामुळे इथे जरा थांबतो. आर्केडची फाइल एनईएसच्या रॉमसारखी एकसंध नसते. मूळ बोर्डवरच्या प्रत्येक चिपची एक फाइल, आणि त्या सगळ्यांची एक झिप. एम्युलेटर झिपचं नाव आणि आतल्या प्रत्येक फाइलीचा सीआरसी (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) ताडून बघतो. मुस्तफाच्या मुख्य झिपचं नाव डिनो. तिचं नाव बदलून ‘मुस्तफा’ केलं की गेम सुरू होत नाही, झिप सोडवली तरी नाही. त्यात आणखी एक गोम आहे: जुने बोर्ड नव्याने तपासले जातात तसे हे संच बदलत जातात. मेम २००३ या आर्केडच्या कोअरला ०.७८ आवृत्तीचा संच लागतो, फायनलबर्न निओला त्याच्या चालू आवृत्तीचा. एकाचा संच दुसऱ्याला दिला तर पडदा काळा होऊन मेनूवर परत येतो, कारण काही कळत नाही. ३५ एक्सएक्स एचवर मी फायनलबर्न निओ आणि त्याच्याच आवृत्तीचा संच एवढंच ठेवतो, मिसळत नाही. झिपचं नाव डिनोजे किंवा डिनोयू असेल तर ती जपानी किंवा अमेरिकी उपआवृत्ती, आणि संच विभागलेला असेल तर तिच्याशेजारी मूळ डिनो झिपही लागते. मेटल स्लगला त्याच्या झिपशेजारी निओ जिओची बायोस झिप लागते, तीही न सोडवता.

गेम सुरू झाला की सिलेक्ट म्हणजे कॉइन, स्टार्ट म्हणजे स्टार्ट. मुस्तफाला बटणं दोनच, मार आणि उडी. पण दोन्ही एकदम दाबल्यावर जो फिरून मार बसतो, आणि त्याबदल्यात थोडी एनर्जी जाते, तो अंगठ्याखाली आला पाहिजे. म्हणून मार डावीकडच्या वाय वर आणि उडी खालच्या बी वर ठेवावी. अंगठा त्या दोन बटणांवर आपसूक तिरका पडतो, नुसता आडवा केला की दोन्ही दबतात. हे रीमॅप (बटणांची नवी मांडणी) त्या गेमपुरतंच जतन करावं. कोअरसाठी जतन केलं तर मेटल स्लगची बटणंही बदलतात.

उरलेल्या सेटिंगमध्ये काही गोष्टी बिघाड वाटतात आणि बिघाड नसतात. कॉन्ट्रात गर्दी झाली की शत्रू आणि गोळ्या लुकलुकतात. मूळ एनईएस एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) काढू शकायचा, एम्युलेटर तेच इमानदारीने दाखवतो. एफसीईयूएमएम कोअरमध्ये ही मर्यादा काढून टाकता येते. एमराल्डचे रंग भडक दिसतात, कारण पहिल्या गेम बॉय अॅडव्हान्सच्या स्क्रीनमागे दिवा नव्हता आणि तिच्यासाठीचे रंग मुद्दाम उजळ ठेवलेले असायचे. एमजीबीएच्या कोअरमध्ये कलर करेक्शन चालू करावं. एमराल्ड सुरू होताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तर गेमला घड्याळ मिळत नाहीये असं समजावं. यंत्राची तारीख मागे गेली तर बेरी वाढायच्या थांबतात, म्हणून वाय-फायवरून वेळ जुळवून घ्यावी. प्लेस्टेशनचा एखादा जुना गेम बटणंच ओळखत नसेल तर कंट्रोलरचा प्रकार ड्युअलशॉकवरून साध्यावर न्यावा.

सेव्हची शिस्त पहिल्यापासून लावावी. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचा फोटो, आणि तो त्याच कोअरला, कित्येकदा त्याच आवृत्तीलाच कळतो. सिस्टिम अद्ययावत केली की तो उघडेलच असं नाही. एमराल्डमध्ये गेमच्या आतून केलेला सेव्ह मात्र साधी छोटी फाइल असते, ती संगणकावर आणि दुसऱ्या यंत्रावरही चालते. फसगत इथे होते: गेमच्या आत सेव्ह केलं आणि नंतर जुनी स्टेट उघडली, तर त्या जुन्या फोटोतली सेव्ह मेमरीही परत येते आणि नव्या फाइलीवर बसू शकते. ज्या गेमला स्वतःचा सेव्ह आहे तिथे स्टेट फक्त मधल्या विश्रांतीसाठी. मुस्तफा, कॉन्ट्रासारख्यांना तो नाहीच, तिथे स्टेट बिनधास्त वापरावी. महिन्यातून एकदा सेव्हचा फोल्डर संगणकावर उतरवावा, आणि यंत्र बरेच दिवस बाजूला ठेवायचं असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी.